मालनच्या गादीवर कुणी बसायचं नाही

बंधूंनो, मायबहिणींनो, विहारात जागा उरली नाही, काहीजण बाहेर पायरीवर बसलेत. मालनच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलंय आणि मला मात्र सारखं एकच आठवतंय. पुण्याच्या कॉन्व्हेंटचं वसतिगृह, रविवारची सकाळ, आणि मालन माझी वेणी घालतेय. इतकी घट्ट, की दुपारपर्यंत भुवया ताणलेल्या राहायच्या. ‘हलू नकोस,’ म्हणायची. मी हलायची नाही. त्या मालनबद्दल आज इथं उभं राहून बोलायचं, म्हणजे अवघड आहे.

महाळुंग्याला तिच्या आजोबांनी धम्म घेतला, तेव्हा घरातले गंडे, ताईत ओढ्यात सोडून दिले होते. कुणी अंगारा घेऊन आलं असतं, तर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मालननं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण हे अंगारा म्हणून आलंच नाही. एनर्जी म्हणून आलं. व्हायब्रेशन म्हणून आलं. हात फिरवून बरं करायचं दोन दिवसांचं शिबिर तिनं केलं, इंग्रजी सर्टिफिकेट मिळालं. इंग्रजी शब्दालाही पुरावा मागायचा असतो, हे आपल्यापैकी कुणाला सुचलं?

मग ती गादीवर बसून लोकांच्या अंगावरून वीतभर अंतरानं हात फिरवायला लागली.

‘गरम लागतंय का, मावशी?’

‘लागतंय की. लई.’

तिचे दीर शिवरामभाऊ इथं आहेत. ते म्हणायचे, ‘वैनी, पत्र्याखाली बसवलंय म्हातारीला. थंड लागंल व्हय?’ मालन हसायची. हात थांबवायची नाही.

तिच्याजवळ बसून बरं वाटायचं, हे खोटं नव्हतं. ती तासभर ऐकून घ्यायची. कोण ऐकतं हो एवढं? पण त्यानं मन हलकं होतं. छातीतली गाठ जात नाही. स्वतःच्या गाठीवरही ती हातच फिरवत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, ‘बाई, एवढा उशीर का केलात?’

शेवटच्या दिवसांत मला म्हणाली, ‘ज्योती, माझ्या हातात काही नव्हतं गं. असावं असं फार वाटायचं. रूपालीच्या फिटच्या गोळ्या माझ्या सांगण्यावरून बंद झाल्यात. तेवढं बघ.’

सुनंदा, तू रूपालीची आई. परवा लेकीला परत फिट आली. आणि मघाशी तू मला विचारलंस, ‘ताई, बाईंनी शक्ती कुणाला दिली? आमी आता कुणाकडं जायचं?’

कुणाला नाही दिली, बाळा. नव्हतीच. हे मी नाही, तीच सांगून गेली.

तिनं सांगितलंय तसं करायचं. पुस्तकं शाळेला. शिलाई मशीन सुनेला. शिवरामभाऊ, ती गादी उसवा, कापसाच्या उशा करा आणि घरात वापरा. त्या गादीवर दुसरं कुणी बसायचं नाही. सर्टिफिकेट कुणी मागू नका. गजराचं घड्याळ रूपालीला. सुनंदा, उद्या सकाळच्या गाडीनं तिला मंचरला दवाखान्यात न्यायचं, मी बरोबर येते. डॉक्टर सांगतील त्या वेळेचा गजर तिच्यासमोर लाव.

आता उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

मालन, जय भीम.