डाव्या बाजूचा आरसा

तुम्ही हसाल, पण आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, ट्रकला डावीकडचा आरसा कधी नव्हताच. जुना, नाकवाला ट्रक. अण्णांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर अंबरपेठला आमच्या अंगणात उभा होता. विकायचा विषय काढला की अण्णा म्हणायचे, "उजवीकडचा फुटका आरसा बदल, मग मीच चालवतो."

शेवटी मी भंगारवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी दोन वेगळ्या ट्रकांचे आरसे काढले, एक गोल, एक लांबट. "दोनों लेके जाओ मियाँ, एक कायकू?" मी दोन्ही आणून बसवले.

अण्णा काठी टाकून वर चढले. इंजिन सुरू झालं, पण ट्रक काही हलेना.

"अण्णा, दोन्ही आरशांत बघा आणि घ्या मागं!"

"थाप कुठाय?"

जन्मभर क्लीनरनं डाव्या दारावर दोन थापा मारल्या की गाडी हलवायची, एक मारली की थांबवायची. आरशावर अण्णांचा विश्वासच नाही! मी मागं गेटपाशी उभा, म्हणून आईच पदर खोचून डावीकडं चढली. धाडधाड दोन थापा. "आन दो, आन दो!" ट्रक सरळ रस्त्यावर.

मी धावत गेलो. आईनं लांबट आरसा स्वतःकडं वळवून घेतला होता आणि त्यात बघून कुंकू नीट करत होती.

"आई, निघालात कुठं?"

"ते ड्रायव्हरला विचार," ती म्हणाली. "मी क्लीनर आहे."