आज स्लॅब टाकायचा नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक, आदरणीय साहेब. व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांच्या ‘वेधशाळा’ बाई. पहिल्या रांगेत संकोचून बसलेले बाईंचे यजमान. कचेरीतले आणि साइटवरचे माझे सहकारी. आणि मागून ‘आवाज येत नाही’ अशा खुणा करणारी माझी खास मंडळी, तुम्हा सर्वांना नमस्कार.

आता येतोय का आवाज? बरं.

‘वेधशाळा’ हे नाव बाईंच्या तोंडावर घेण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. आज त्या निवृत्त होताहेत, म्हणून मी करतोय. मघाशी मी त्यांच्या यजमानांना हळूच विचारलं, “घरीसुद्धा असंच का हो?” तर म्हणाले, “अहो, लग्न ठरवताना हिचा पहिला प्रश्न होता, कार्य उघड्यावर आहे की छपराखाली? मुलगा काय करतो, हे नंतर विचारलं.”

बाईंचं काम होतं नियोजनाचं. पाया कधी, भिंती कधी, छत कधी, हे सगळं त्या आधी कागदावर बांधायच्या आणि मग आम्ही ते जमिनीवर बांधायचो. पण त्यांच्या प्रत्येक वेळापत्रकात पावसाचे म्हणून वेगळे दिवस राखलेले असायचे. बैठकीत कात्री लागायची ती नेमकी त्या दिवसांना. “हे रिकामे दिवस कशाला?” असा प्रश्न यायचा. बाई शांतपणे म्हणायच्या, “रिकामे नाहीत, पावसाच्या नावावर आहेत.” विचारणारे कोण असायचे, ते सांगत नाही. ते आज अध्यक्षस्थानी आहेत.

साहेब हसताहेत, म्हणजे पुढचं सांगायला परवानगी आहे असं मी धरून चालतो.

आपण ज्या छताखाली बसलो आहोत ना, त्याचीच ही हकिगत. या सभागृहाचं छत उंच आणि मोठं. अख्खा स्लॅब एका दमात टाकायचं ठरलं होतं. सळया बांधून झाल्या होत्या, मिक्सरच्या गाड्या फाटकाबाहेर ओळीनं उभ्या होत्या, माणसं वर चढायला तयार. मी साइटप्रमुख. सकाळी बाई आल्या आणि म्हणाल्या, “आज स्लॅब टाकायचा नाही. दुपारनंतर वादळाचा इशारा आहे.”

मी वर पाहिलं. ढग नावाला नव्हता. साहेबही आले होते. त्यांनी नुसतं आकाशाकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, “मीही तेच बघतेय. पण ओल्या काँक्रीटवर जोराचा पाऊस पडला तर सिमेंट वाहून जाईल, आणि वाऱ्यात इतकी माणसं इतक्या उंचीवर मला नकोत.” गाड्या परत गेल्या.

आणि मंडळी, वादळ आलंच नाही. दिवसभर असं लख्ख ऊन पडलं की स्लॅबला खालून आधार देणाऱ्या सेंट्रिंगच्या फळ्या तापून हात लावू देईनात. संध्याकाळी साहेब बाईंच्या टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, “बाई, तुमच्या ढगाचा पत्ता द्या. गाड्यांच्या भाड्याचं बिल त्याच्याकडे पाठवतो.”

सगळी कचेरी हसली. आपल्याला कोणी असं हसलं तर आपण काय करू? कुणी राजीनामा लिहील. कुणी पुढच्या वेळी गप्प बसेल, आणि मला वाटतं बहुतेक जण गप्पच बसतील. बाई म्हणाल्या, “अंदाज चुकला, साहेब. पण पुन्हा असाच इशारा आला तर मी पुन्हा थांबवणार. फक्त मला एक करू द्या. थांबणं इतकं महाग पडतंय, ते जरा स्वस्त करू द्या.”

स्वस्त म्हणजे काय? मलाही तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी आराखडा करणाऱ्या इंजिनिअरांना गाठलं, स्लॅबला मध्ये सांधा कुठे चालेल ते विचारलं आणि एका स्लॅबचे तीन भाग केले. म्हणजे थांबायची वेळ आली तर एकाच भागाचं काम अडेल. आणि मला सांगितलं, “सभागृहालगतच्या खालच्या खोल्यांच्या दारांच्या चौकटी आणि आतला गिलावा राखून ठेवा. स्लॅब थांबला तर माणसं तिकडे लावायची. कुणाची हजेरी बुडता कामा नये.” मी मनात म्हटलं, ही बाई पावसाला घाबरत नाही, त्याच्याशी वाटाघाटी करतेय.

पहिला भाग सुरळीत पार पडला. दुसऱ्या भागाच्या दिवशी पुन्हा तेच. निरभ्र आकाश, दारात गाड्या, आणि बाई म्हणतात, “आज नाही.”

माणसं हसायला लागली. माझा धाकटा भाऊ ओलं काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर चालवतो, तो मला म्हणाला, “दादा, आज टोपी घालून ये, ऊन लागेल.” साहेबांना फोन गेला. आले ते तडक बाईंसमोर उभे राहिले.

“पुन्हा?”

“पुन्हा.”

“आणि पुन्हा नाही आला तर?”

“तर संध्याकाळपर्यंत खालच्या सगळ्या चौकटी बसलेल्या असतील.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौकटींकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “बसवा.”

जेवणं उरकली आणि उजेड पिवळा पडला. आधी वारा आला. गोदामाचा पत्रा उचकटला, हवेत उलटापालटा झाला आणि सरळ वरच्या सळयांवर जाऊन आदळला. दुसरा भाग भरायला जिथे माझा भाऊ उभा राहिला असता, तिथेच. मग पाऊस असा कोसळला की समोरचं फाटक दिसेना. आम्ही सगळे खालच्या खोल्यांत, अर्धवट बसवलेल्या चौकटी धरून उभे. माझा भाऊ माझ्या शेजारी होता. टोपीची आठवण त्यानंही काढली नाही आणि मीही नाही.

कचेरीतून परतलेले साहेब गाडीतून उतरून भिजत आत आले. पहिला प्रश्न, “सगळे खाली आहेत?” बाई म्हणाल्या, “सगळे आहेत.” तेवढंच. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य त्यांना त्या दिवशी फुकट मिळत होतं, पण त्यांनी ते घेतलं नाही. पण ‘सगळे आहेत’ म्हटल्यावरही त्या खोल्याखोल्यांतून फिरून माणसं पुन्हा पुन्हा मोजत होत्या. तेव्हा मला कळलं, सकाळपासून ही बाई किती भ्यायली होती. वादळाला तर होतीच, पण पुन्हा चूक ठरण्यालाही. आणि तरी ‘नाही’ म्हणाली होती.

त्यानंतर आमच्या कंपनीत पावसाच्या दिवसांना कात्री लागली नाही. हा नियम साहेबांनी स्वतः केला, हेही इथे अभिमानानं सांगायला हवं.

बांधलेल्या इमारती दाखवता येतात. न झालेला अपघात कसा दाखवायचा, हा प्रश्न हे भाषण तयार करताना मला पडला होता. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीनं एक विनंती करतो. त्या दुपारी जे या छतावर असणार होते, त्यांनी कृपा करून उभं राहावं.

बाई, जरा मागच्या रांगांकडे बघा. तो निळ्या सदऱ्यातला माझा भाऊ. कडेवर त्याची मुलगी आहे, ती त्या वादळानंतर जन्मली. त्याच्या शेजारी मुकादम, पलीकडे सळया बांधणारी अख्खी टोळी. सगळे आहेत, बाई.

मला पुढे बोलवत नाही. अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, पाहुण्यांनी सबुरी दाखवली, बाईंच्या यजमानांनी इतकी वर्षं त्यांना आमच्या हवाली केलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात मालकांची थट्टा झाली असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर पदरात घ्या. आणि उभ्या असलेल्या मंडळींनी अजून थोडा वेळ उभंच राहावं. बाईंचं बघून झालेलं नाही.