केशरी, अर्धा शिल्लक

बायको : 'नायिका उभी आहे' म्हणालात. बरं, पुढे?

नवरा : एकूण स्थिती चांगली. पुढून कुठे लागलेलं दिसत नाही.

बायको : अहो, बाई आहे ती! ठोकलेली गाडी नाही.

नवरा : जन्मभर ठोकलेल्या गाड्याच तपासल्या मी. विमा कंपनीनं कधी सूर्यास्त लिहून मागितला नाही.

बायको : सूर्यास्त आहे?

नवरा : आहे.

बायको : मग सांगा की!

नवरा : केशरी.

बायको : झाला?

नवरा : अर्धा शिल्लक आहे.

बायको : डोळे गेले माझे, हौस नाही गेली. आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या, आणि माझ्या वाट्याला हा पंचनामा. असंच सांगणार असाल तर पुढच्या शुक्रवारी सिनेमाला मी यायची नाही. घरी रेडिओ बरा.

नवरा : असं नको गं करू. आठवड्यातून एकदाच तर दोघं बाहेर पडतो.

बायको : मग तोंड उघडा. शब्दांना काय भाडं पडतं?

(पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून 'शूऽ' करतो.)

नवरा : हसतेय आता.

बायको : कशी?

नवरा : ठोकून सरळ केलेलं दार असतं बघ. रंग जुळतो, नीट लागतं. पण लावताना आवाज पहिल्यासारखा येत नाही. तशी. चुकलं का?

बायको : नाही हो. इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंत हे?

नवरा : अहवालात जागा नसायची.

बायको : आता नायक तिला सोडून निघाला असेल.

नवरा : निघाला. गाडीत बसला. गाडी वळणापर्यंत गेली... थांबली. उतरला. परत आला. तिचा हात धरला. समाप्त.

बायको : मग व्हायोलिन का रडतंय?

नवरा : वाजवणाऱ्याला कुणी कळवलं नसेल.

बायको : कॉलेजात असताना तीनदा पाहिलाय मी हा सिनेमा. तो परत येत नाही.

नवरा : तेव्हा सांगायला मी नव्हतो.

(बायको पर्स चाचपून उचलते.)

नवरा : दिवे लागले. ऊठ. पायरी आहे.

बायको : हात द्या. पुढच्या शुक्रवारी कोणता आहे?

नवरा : डोंगर चढणाऱ्यांचा.

बायको : पडतं का कुणी?

नवरा : अजून ठरवलं नाही.