एकाच सभासदाचं पुस्तक

थोरली : तीस पुस्तकं मांडलीस आणि सख्ख्या बहिणीच्या कादंबरीला जागा नाही?

धाकटी : मांडली मी, निवडली वाचकांनी. पाटी वाच ना, ताई. ‘एकाच पुस्तकात पुरी होणारी, आमच्या आवडीची’. प्रत्येकात शिफारस करणाऱ्याची चिठ्ठी आहे. तुझ्यासाठी कुणी चिठ्ठी दिली नाही.

थोरली : मग तू दे. ग्रंथपाल काय वाचक नसतो?

धाकटी : असतो. म्हणूनच देत नाही.

थोरली : उद्या जुनी पुस्तकं रद्दीत चाललीत म्हणे. माझं त्यात आहे?

धाकटी : आहे. वर्षभर कुणी हात लावला नाही की जातं. चिठ्ठी असली तर राहतं.

थोरली : अगं, ही शेवटची प्रत आहे. प्रकाशकानं कधीच गाशा गुंडाळला, माझ्या घरीसुद्धा उरलेली नाही. आणि वर्षभराचं काय घेऊन बसलीस? मागचा कागद बघ. शिक्क्यांना जागा पुरेना म्हणून खाली दुसरा डकवलाय. नऊ वर्षं हे पुस्तक कपाटात टिकलं नाही. मी भाषणात सांगत आले, माझ्या गावच्या ग्रंथालयात माझं पुस्तक कधी जागेवर सापडत नाही.

धाकटी : वाचलं होतं पेपरात. पहिले चार शिक्के सोड, त्या चौघांनी गावभर केलं. पुढचे सगळे एकाच सभासदाचे.

थोरली : कुणाचे?

धाकटी : अण्णांचे.

थोरली : अण्णांनी इतक्यांदा वाचलं? मला कधी बोलले नाहीत ते.

धाकटी : वाचलं एकदाच. बाकी नेलं ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून. चौदा दिवस, मग मुदतवाढ, आणखी चौदा. त्यानंतर नियमानं एक दिवस पुस्तक कपाटात राहायला हवं. त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून सकाळी इथे यायचे, पुस्तक काढून समोरच्या टेबलाशी बसायचे. उघडायचे नाहीत, नुसता हात ठेवून. मी कुलूप लावेपर्यंत. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा कुठे हे जागेवर आलं.

थोरली : आणि तू बघत राहिलीस.

धाकटी : मी शिक्के मारत राहिले.

थोरली : कादंबरी होती ती. कादंबरीतला बाप म्हणजे आपला बाप नव्हे, एवढं लोकांना कळू नये?

धाकटी : कसं कळावं? शिंपी तसाच ठेवलास. डाव्या हाताचं अर्धं बोट तसंच. दुकानाचा हिरवा दरवाजासुद्धा. कापड मोजायच्या गजानं बायकोला बडवणं तेवढं पदरचं घातलंस.

थोरली : त्याशिवाय गोष्ट उभी राहत नव्हती.

धाकटी : गोष्ट उभी राहिली, दुकान बसलं. बायका माप द्यायला येईनात. आई शेजारणींना बाह्या वर करून दाखवायची, बघा, एक ओरखडा नाही. तिनं जेवढं दाखवावं तेवढा लोकांचा संशय पक्का.

थोरली : मला एका शब्दानं कळवलं नाहीत.

धाकटी : तुझे सत्कार चालले होते. अण्णा म्हणाले, पोरीच्या आनंदात मिठाचा खडा नको. मला मात्र तो खडा नऊ वर्षं चावावा लागला. तुझा राग येतो मला, ताई. अजूनही येतो.

थोरली : येऊ दे ना. पण त्यासाठी पुस्तक मारू नकोस. मला एवढं एकच नीट जमलं. पुन्हा तसं जमलं नाही, हे तुलाही माहीत आहे.

(धाकटी खणातून कोरी चिठ्ठी काढून तिच्यासमोर ठेवते.)

धाकटी : घे. चार ओळी तूच लिही, खाली सही मी करते. फक्त अण्णांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यात येऊ दे.

थोरली : काय विचारलं होतं?

धाकटी : शेवटचं पान संपलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले, “हिला मी असा कधी दिसलो गं?”

थोरली : मग तू काय सांगितलंस?

धाकटी : मला काय सुचणार? लेखिका तू आहेस.