गोधड्यांचा खडक

"काय नव्हतं म्हणतोस? परत म्हण बरं!" हर्सूल तलावात होडी मधोमध आली असताना मी त्या गाईडला धरलंच. नव्या रंगीत कठड्याकडं हात करून तो सांगत होता, इथं पूर्वी काहीच नव्हतं, नुसता ओसाड काठ.

"आजी, या माहितीच्या कागदात तसंच लिहिलंय."

"कागद मलाबी वाचता येतो. तिथं आमचा गोधड्या धुवायचा खडक होता."

"मग पुरावा दाखवा की!"

होडीतली माणसं हसली. मला लई लागलं ते. म्हटलं, "लेका, नवी नवरी असताना त्याच खडकावर ओल्या बोटानं अक्षरं गिरवून मी वाचायला शिकले, अन् ती उन्हानं लगेच वाळायची, पाठीमागं पाळतीवर उभ्या सासूला कधी पुरावा सापडला नाय, तुला काय सापडणार!"