त्याच्यामागचं गाणं

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातलेल्या दोन अनोळखी बाया एकाच बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. एकीचं गुणगुणणं चाललं होतं. नर्स शेजारीच बाटल्या पुसत होती, पण तिचे कान बाकाकडेच होते.

“बाई, राग मानू नका. ते पावसाचं गाणं संपल्याबरोबर तुम्ही अंगाई कशी काय धरलीत?”

“सवय हो. माझ्या एका कॅसेटमध्ये ती त्याच्यामागेच यायची.”

“विकतची कॅसेट?”

“छे. नववीत असताना मैत्रिणीने रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. तिच्या वडिलांची बदली झाली, तेव्हा जाताना माझ्या हातात कोंबून गेली.”

“अंगाई चालू असताना मध्येच कुणी ओरडतं का त्यात?”

गुणगुणणारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“तिची आई. ‘दार लाव गं, मांजर येईल.’ पण तुम्हाला कसं ठाऊक?”

“मांजर कधीच गेलं. आई अजून ओरडते.”

“चिमणे?” गुणगुणणारीने विचारलं.

“ढब्बू, तूच ना गं?”

“डोळे उघडू नका हं,” नर्स म्हणाली.

“नाहीच उघडत. मी फार सुटलेय, सिस्टर,” चिमणी म्हणाली.

“आणि माझे केस पिकलेत. आवाजावर भागवू सध्या.”

“कॅसेट आहे अजून?”

“फीत तुटली. पाठ आहे सगळी.”

“मग म्हण ना. अंगाईनंतर मी काय भरलं होतं, मलाच आठवत नाही.”

आतून डॉक्टरांची घंटी वाजली. पाळी ढब्बूची होती. पण नर्सने तिला न उठवता कोपऱ्यात बसलेल्या, तिच्या मागच्या नंबरच्या आजोबांना हाताला धरून आत नेलं.