रिकाम्या हातांचा झोका

बसच्या रांगेत शिंपीणबाई शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून उभ्या होत्या. पुढे सासू-सुना. बाळ सासूच्या खांद्यावर गाढ झोपलेलं.

"अगं, तू का डुलतेयस?"

"मी? कुठे?"

"बघ की! बाळ माझ्याकडे, आणि झोके तू देतेयस. कुणाला?"

"अय्या! दीड महिन्यांनी घराबाहेर पडलेय ना, आई. थांबले तर ते उठेल असं वाटतं."

"उठू दे. समोरच्या दुकानात चपला बघायच्या होत्या ना तुला? जा, बघून ये."

"रडलं तर?"

"याच्या बापाचं रडणं ऐकलंय मी. हे काय घेऊन बसलीस!"

"बस आली तर?"

"दुसरी येईल."

"तुमच्या वेळी तुम्हाला पाठवायचं का हो कुणी असं?"

"नाही. म्हणून तर म्हणतेय, जा."

सून निघाली. चार पावलांवर थांबली, वळून पाहिलं, मग रस्ता ओलांडून गेली.

सासूबाई हळूच मागे वळल्या.

"मुलं केवढी हो तुमची?"

"धाकटी एकतीसची. का हो?"

"नाही, मघापासून डुलताय. गाठोडं झोपलं असेल आता."